सावरणाऱ्या यंत्रांचा इतिहास : गव्हर्नरपासून स्टॅबिलायझरपर्यंत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना मान मिळाल्याच्या आनंदापेक्षा उत्तर चुकेल की काय, ही जुनी धाकधूकच अधिक जाणवते. इंदूरच्या मराठी शाळेतील स्मृतिव्याख्यान म्हटले की होळकरांचा राज्यकारभार, माळव्यातील मराठी वस्ती, संतवाङ्मय असे विषय अपेक्षित असतात. मीही इतिहासच सांगणार आहे. मात्र तो राजांचा नाही, आणि यंत्रांचाही संपूर्ण नाही. यंत्राने स्वतःची चूक स्वतः पाहावी आणि ती सावरावी, ही कल्पना माणसाला कशी सुचली, तिच्यापायी तो कितीदा फसला आणि अखेर ती चार-दोन रुपयांच्या भागांत कशी येऊन बसली, एवढाच माझा विषय आहे.

माझ्या पुढ्यातील टेबलावर झाकण काढून ठेवलेली पेटी म्हणजे सर्व्हो स्टॅबिलायझर होय. ती मी १९८४ साली माझ्या छोट्या कारखान्यात तयार केली. तिच्यात एक वाटोळी तांब्याची गुंडाळी आहे, तिला आपल्याकडे डिमरस्टॅट म्हणतात. गुंडाळीवरून एक कार्बन ब्रश फिरतो, ब्रशला एक लहान मोटर जोडलेली आहे, आणि कडेला तळहाताएवढ्या पट्टीवर काही रोध, दोन संधारित्रे, एक झेनर डायोड व एक आठ पायांची आय.सी. बसवलेली आहे. बाहेरून येणारी वीज १९० व्होल्टवर घसरो वा २६० वर चढो, आतून बाहेर पडणारी वीज २३० च्या आसपास राहावी, हे तिचे काम. रब्बीच्या हंगामात भोवतालच्या गावांतील विहिरींवरचे पंप एकदम सुरू झाले की आमच्या दिव्यांचा पिवळा निखारा होत असे. त्या दिवसांत अशा पेट्यांना छापखान्यांपासून दवाखान्यांपर्यंत सर्वत्र मागणी होती.

आता या पेटीत दोन शास्त्रे एकत्र नांदतात. मोटरने ब्रश योग्य जागी नेऊन उभा करणे, हे सर्व्होचे काम. आणि व्होल्टेज स्थिर ठेवणे, हे वीजनियमनाचे काम. पाठ्यपुस्तकांत ही दोन वेगळी प्रकरणे असतात. वास्तविक दोन्हींचा गाभा एकच आहे. जे हवे ते एका बाजूला ठेवायचे, जे झाले ते दुसऱ्या बाजूला, दोहोंतील फरक काढायचा आणि तो फरक मिटेल अशा दिशेने यंत्राला ढकलायचे. याला इंग्रजीत फीडबॅक म्हणतात. परिभाषाकारांनी त्यासाठी मराठी प्रतिशब्द सुचवले आहेत; परंतु कारागिरांच्या तोंडी एकही बसला नाही, म्हणून मी फीडबॅक हाच शब्द वापरतो. माझे म्हणणे असे की या इतिहासात चूक दुरुस्त करण्याची युक्ती लवकर सापडली. दुरुस्ती केव्हा थांबवायची, हे कळायला मात्र दीडशे वर्षे लागली.

सातवीत असताना सरांनी आम्हांला शाळेजवळच्या एका पिठाच्या गिरणीत नेले होते. तेथे किर्लोस्करांचे डिझेल इंजिन होते. सर म्हणाले, “डोळे मिटा आणि ऐका.” गिरणीवाल्याने धान्य ओतले की इंजिनाचा ठोका क्षणभर जड होई आणि लगेच पूर्वीच्या लयीवर येई. कोणी हात लावत नव्हते. मग सरांनी गव्हर्नरची वजने दाखवली. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि इंधन कमी करतात. वेग उतरला की आत येतात आणि इंधन वाढवतात. माझ्या आयुष्यातला फीडबॅकचा पहिला पाठ मी असा कानांनी शिकलो.

ही फिरत्या वजनांची युक्ती जेम्स वॅटच्या नावावर लोकमानसात जमा आहे, ती पूर्णपणे त्याची नव्हे. इंग्लंडातील पवनचक्क्यांत जात्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर राखण्यासाठी तशी वजने आधीपासून वापरली जात होती. १७८८ साली वॅटचा भागीदार बोल्टन याने लंडनच्या ॲल्बियन मिलमध्ये ती पाहिली आणि वॅटला पत्राने कळवले. वॅटने ती वाफेच्या इंजिनाला जोडली. पुढे १८७३ साली फ्रान्समध्ये जोसेफ फार्को याने जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळाने वळवणाऱ्या आपल्या यंत्रावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘सर्व्हो-मोटर’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘सर्वुस’ म्हणजे दास. मालकाचा हात जेथे जाईल तेथे निमूटपणे मागोमाग जाणारा, असा त्यातला भाव आहे.

दास निमूट असता तर आजचे व्याख्यान येथेच संपले असते. तो निमूट नव्हता. ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना दुर्बिणीसाठी एक चालक हवा होता. आकाशातील तारा जसा सरकतो तशी दुर्बीण संथ व समगतीने फिरावी म्हणून त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेला गव्हर्नर लावला. यंत्रणा सावरण्याऐवजी बेभान होऊ लागली. एकदा हेलकावा सुरू झाला की तो वाढतच जाई. एअरी गणिती होते. हा दोष कारागिराच्या हातचा नसून गतीच्या नियमांतच तो दडलेला आहे, हे त्यांनी ओळखले आणि १८४० साली त्यावर निबंध लिहिला. चूक सुधारणारे यंत्र त्या सुधारण्यानेच बिघडू शकते, ही गोष्ट प्रथमच गणिताच्या भाषेत आली.

१८६८ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा ‘ऑन गव्हर्नर्स’ हा छोटा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. विद्युच्चुंबकीय समीकरणांच्या तेजापुढे तो सामान्य वाचकाला दिसत नाही. मला मात्र तो त्यांच्या अतिशय व्यवहारी लेखनांपैकी वाटतो. यंत्र ढळले असता होणाऱ्या हालचालीचे त्यांनी चार प्रकार सांगितले. ढळणे वाढत जाते, ढळणे विरत जाते, हेलकावे वाढत जातात, हेलकावे विरत जातात. यांपैकी विरण्याचे दोनच प्रकार उपयोगी. कोणत्या यंत्राच्या वाट्याला काय येईल हे समीकरणाच्या मुळांवरून आधीच सांगता येईल, असे त्यांनी दाखवले. इंजिने बनवणाऱ्यांनी हा निबंध त्या काळी फारसा वाचला नाही. हेलकावा आला की ते तेलाचे भांडे जोडत, स्प्रिंग बदलत आणि पुढच्या कामाला लागत. मी त्यांना नावे ठेवीत नाही. मीही पुष्कळ वर्षे तेच केले.

विजेच्या क्षेत्रात ही कल्पना आली ती टेलिफोनच्या अडचणीतून. अमेरिकेत लांबच्या तारांवर आवाज क्षीण होई, म्हणून ठरावीक अंतरांवर विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, बसवावे लागत. निर्वात नळीचा विवर्धक आवाज मोठा करी आणि त्याबरोबर थोडा विकृतही करी. एका विवर्धकाची विकृती कानाला जाणवत नसे. पण एकामागून एक असे अनेक ओळीने आले, आणि त्यांतून एकाच वेळी अनेक संभाषणे जाऊ लागली की सर्व दोष साचत जात. दूरवरच्या माणसाचे बोलणे गढूळ होऊन पोहोचे.

हॅरल्ड ब्लॅक नावाचा तरुण अभियंता १९२१ पासून या प्रश्नामागे होता. १९२३ साली त्याने एक उपाय शोधला : मिळालेल्या आवाजातून मूळ आवाज वजा करायचा, उरेल ती निव्वळ विकृती, ती वेगळी वाढवून पुन्हा वजा करायची. कल्पना बिनतोड होती, परंतु नळ्यांची स्थिती सारखी बदले आणि दर तासाला कोणीतरी बसून जुळवाजुळव करावी लागे. दुरुस्ती करणाऱ्या यंत्राचीच दुरुस्ती करण्यासाठी माणूस नेमायचा, असा तो प्रकार.

२ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी तो नेहमीप्रमाणे हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकवाना फेरीबोटीने कामावर निघाला होता. बोटीतच त्याला उत्तर सुचले आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्याने आकृती व समीकरण लिहून काढले. कार्यालयात पोहोचल्यावर एका सहकाऱ्याकडून त्या पानावर साक्षीची सही घेतली. कल्पना अशी : विवर्धकाची शक्ती हवी त्याहून कितीतरी पट जास्त ठेवायची आणि बाहेर पडणाऱ्या संदेशाचा एक लहान, नेमका अंश उलट करून परत आत घालायचा. त्यामुळे जादा शक्ती बहुतांश वाया जाते. पण जे उरते ते नळीच्या लहरीवर अवलंबून न राहता केवळ त्या अंशावर, म्हणजे दोन साध्या रोधांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहते.

येथे एक छोटे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. विवर्धकाची मूळ वाढ १०,००० पट आहे आणि बाहेरचा शंभरावा भाग परत घातला आहे. तर प्रत्यक्ष वाढ १०,००० भागिले १०१, म्हणजे सुमारे ९९ पट. आता नळी जुनी होऊन मूळ वाढ निम्मी, ५,००० वर आली, तर प्रत्यक्ष वाढ ५,००० भागिले ५१, म्हणजे सुमारे ९८ पट. आतले बळ अर्ध्यावर आले आणि बाहेर एक टक्क्याचा फरक पडला. १०,००० पटींतून ९९ घेणे हा तोट्याचा व्यवहार वाटतो, आणि त्या काळच्या जाणत्यांनाही तो तसाच वाटला. महाप्रयासाने मिळवलेली वाढ मुद्दाम फेकून देणारा माणूस त्यांना विक्षिप्त वाटला असल्यास नवल नाही. ब्लॅकने ऑगस्ट १९२८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळाले डिसेंबर १९३७ मध्ये. ब्रिटनच्या पेटंट कार्यालयाने तर त्याचा अर्ज अखंडगती यंत्राच्या दाव्यांसारखा वागवला, असे ब्लॅकनेच पुढे लिहून ठेवले आहे.

अविश्वासाला एक सबळ कारणही होते. असा विवर्धक बांधायला गेले की तो अनेकदा शीळ घालू लागे. एअरींची दुर्बीण जशी बेभान झाली होती तसाच हा प्रकार, फक्त येथे हेलकावे सेकंदाला हजारोंनी होत. याचे कारण ब्लॅकचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली उलगडून दाखवले. परत घातलेला संदेश क्षणात पोहोचत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. झोका मागे येत असताना आपण पुढून रोखला तर तो थांबतो. पण आपला हात उशिरा पोहोचला आणि तोवर झोक्याने दिशा बदललेली असली, तर रोखण्यासाठी दिलेला धक्काच त्याला आणखी उंच नेतो. विवर्धकात ज्या वारंवारतेला हा उशीर बरोबर अर्ध्या फेऱ्याएवढा होतो, तेथे ऋण फीडबॅक धन होऊन बसतो. त्या वारंवारतेपर्यंत पोहोचण्याआधी वाढ एकाच्या खाली उतरली पाहिजे, असा सर्वसाधारण मंडळांसाठी त्यांच्या कसोटीचा सोपा अर्थ. हेंड्रिक बोडे यांनी पुढील काळात हे ज्ञान आलेखांच्या रूपाने अभियंत्यांच्या हाती दिले. १९४५ साली आलेले त्यांचे पुस्तक पुष्कळ वर्षे या विषयाचा आधारग्रंथ होते.

त्याच सुमारास यंत्रशास्त्राच्या बाजूने येणारी वाटही याच ठिकाणी पोहोचत होती. निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाचा सुकाणूधर कसे वागतो हे बारकाईने पाहून १९२२ साली दाखवले की अनुभवी माणूस केवळ किती ढळले एवढेच पाहत नाही; किती वेगाने ढळते आहे हेही पाहतो, आणि जहाज वळणावर येण्याआधीच सुकाणू सैल करतो. १९३४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये हॅरल्ड हेझन यांनी सर्व्होयंत्रणांचे पहिले व्यवस्थित शास्त्र लिहिले. हे लोक आणि टेलिफोनवाले एकाच प्रश्नाशी झगडत होते, पण एकमेकांच्या भाषेत बोलत नव्हते.

त्यांना एकत्र आणले युद्धाने. हा भाग मी थोडा रेंगाळून सांगतो, कारण आपल्या पेटीतील पट्टीचे कूळ तेथे आहे. १९४० च्या उन्हाळ्यात बेल प्रयोगशाळेतील डेव्हिड पार्किन्सन हा तरुण एक साधे नोंदयंत्र बनवीत होता. कागदाच्या पट्टीवर लेखणी सरकायची. लेखणीला एक पोटेन्शिओमीटर जोडलेला. त्याच्यावरचे व्होल्टेज आणि मोजायचे व्होल्टेज यांतील फरक विवर्धकाने वाढवून मोटरला द्यायचा. फरक शून्य झाला की मोटर उभी. त्या दिवसांत युरोपातून पराभवाच्या बातम्या येत होत्या. एका रात्री त्याला स्वप्न पडले : तो विमानविरोधी तोफेच्या मोर्च्यात आहे, तोफेची प्रत्येक गोळी विमान पाडते आहे. तोफेजवळच्या एका सैनिकाने त्याला हसून जवळ बोलावले आणि तोफेच्या कडेला बसवलेली वस्तू दाखवली. ती त्याच्या नोंदयंत्रातलीच पोटेन्शिओमीटर होती. सकाळी त्याने हे वरिष्ठ क्लॅरन्स लव्हेल यांना सांगितले. लेखणी हलवता येते, तर तोफ का नाही? यातून एम-९ हा विद्युत् तोफनिर्देशक जन्मला. विमानाची जागा, वेग, वारा यांवरून विमान काही क्षणांनी कोठे असेल हे त्यातील विवर्धक बेरीज-वजाबाकी करून काढीत, आणि ज्या, कोज्या यांची कोष्टके विशिष्ट आकारात गुंडाळलेल्या पोटेन्शिओमीटरांत साठवलेली असत. १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर येणाऱ्या जर्मनांच्या उडत्या बाँबांविरुद्ध रडार, नवे स्फोटक फ्यूज आणि हा निर्देशक यांचे त्रिकूट प्रभावी ठरले. एक निरुपद्रवी लेखणी तोफ झाली, याने अस्वस्थ व्हावे की लंडनची घरे वाचली म्हणून समाधान मानावे, हे मला या वयातही ठरवता आलेले नाही.

त्या निर्देशकातील बेरीज करणाऱ्या विवर्धकांच्या जातीला १९४७ साली रागाझिनी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधात ‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव मिळाले. कारखान्यांत पुढे ते ‘ऑप-अँप’ झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने दोन नळ्यांचा असा सुटसुटीत ठोकळा बाजारात आणला. मग ट्रान्झिस्टर आले, आणि १९६४-६५ मध्ये बॉब विड्लर या विलक्षण व तऱ्हेवाईक आरेखकाने फेअरचाइल्ड कंपनीत संपूर्ण ऑप-अँप सिलिकॉनच्या एका कपरीवर उतरवला. त्याच्या ७०९ या आय.सी.ने क्षेत्र जिंकले, परंतु ती तापट होती. बाहेरून योग्य संधारित्र व रोध जोडले नाहीत तर ती शीळ घाली. १९६८ मध्ये त्याच कंपनीत डेव्हिड फुलागर याने ७४१ तयार केली. तिच्यात ३० पिकोफॅरडचे एक इवले संधारित्र आतच बसवलेले होते. त्या संधारित्रामुळे तिची वाढ सेकंदाला दहा फेऱ्यांच्या आसपासच उतरू लागते, म्हणजे ती जाणूनबुजून मंद केलेली आय.सी. आहे. शर्यतीत तिच्याहून चपळ पुष्कळ होत्या. पण शाळकरी मुलाने कशीही जोडली तरी ती बहुधा शीळ घालत नसे. नायक्विस्टची कसोटी त्या ३० पिकोफॅरडांत गोठवलेली होती, आणि माझ्या मते तिचे यश त्यातच आहे. या टेबलावरील पट्टीत बसलेली आठ पायांची आय.सी. तिच्याच घराण्यातली आहे : ७४१ चे दोन ऑप-अँप एका कवचात असलेली १४५८.

वीजनियमनाची कथा याला समांतर चालली, ती मी थोडक्यात आटोपतो. तुलना करायची तर ‘जे हवे’ ते कोठेतरी स्थिर असले पाहिजे. काटा हलला तरी मापाचे वजन बदलता कामा नये. हे माप झेनर डायोड पुरवतो. क्लॅरन्स झेनर यांनी १९३४ साली मांडलेल्या सिद्धान्तावरून त्याला नाव मिळाले असले, तरी साडेपाच-सहा व्होल्टच्या वरचे बहुतेक झेनर वेगळ्याच, हिमप्रपातासारख्या क्रियेने चालतात. ज्या ठिकाणी दोन्ही क्रिया जवळजवळ तोलल्या जातात, त्या पाच-सहा व्होल्टच्या डायोडवर तापमानाचा परिणाम सर्वांत कमी होतो. जुने कारागीर ५.६ किंवा ६.२ व्होल्टचाच झेनर मागत, त्यामागे हे कारण आहे. विड्लरने १९६७ मध्ये नॅशनल कंपनीत नियमनासाठी एल.एम.१०० ही आय.सी. दिली, ७२३ ही फेअरचाइल्डची आय.सी. तर आमच्या बाकांवर वर्षानुवर्षे होती. तापमानाने घटणारे एक व्होल्टेज आणि वाढणारे दुसरे यांची बेरीज सुमारे १.२ व्होल्टवर अविचल राहते, हे तत्त्व वापरून त्याने तीन पायांचा पाच व्होल्टचा नियामक साकारला. १५ व्होल्ट आत घेऊन ५ बाहेर देणारा असा नियामक एक अँपिअरला १० वॅट उष्णतेत उधळतो. ब्लॅकचा सौदा येथेही तोच : थोडे गमवा, नेमके मिळवा.

आता या पेटीकडे परत येऊ. येथे उष्णतेत वीज उधळण्याची चैन परवडत नाही, कारण कामच मुळी पाच-दहा किलोवॅटचे असते. म्हणून डिमरस्टॅटमधून सगळी वीज नेत नाहीत. एका दुय्यम ट्रान्सफॉर्मरकरवी फक्त कमी-जास्त करायचे ३०-४० व्होल्ट मुख्य विजेत मिळवतात किंवा वजा करतात. २३० मध्ये ४० म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या आसपास. डिमरस्टॅट तेवढ्याच हिश्श्याचा लागतो. बाहेरच्या विजेचा लहान नमुना डायोडने एकदिश करून संधारित्राने गुळगुळीत करायचा, झेनरशी ताडून पाहायचा; कमी असेल तर मोटर एका दिशेने, जास्त असेल तर दुसऱ्या.

माझ्या पहिल्या पेट्यांपैकी एक मी एका छापखान्याला दिली. मी तरुण होतो आणि मला अचूकपणाचे वेड होते. स्पर्धकांच्या पेट्या पाच टक्क्यांत स्थिर राहत, माझी अर्ध्या टक्क्यात राहील असे मी कागदावर लिहून दिले होते. खालची मर्यादा २२९, वरची २३१. शिवाय नमुना अगदी गुळगुळीत यावा म्हणून मी चांगले मोठे संधारित्र घातले होते. पंधरा दिवसांत छापखान्याचे मालक स्वतः आले. रात्रभर पेटीतून घरघर येते, असे ते म्हणाले. मी उघडून पाहिली तर ब्रश झिजून अर्धा झाला होता आणि गुंडाळीच्या मधल्या वेढ्यांवर तांबे काळे पडले होते. मोटर दिवसरात्र डावीकडे-उजवीकडे करीत राहिली होती. मी ब्रश बदलला, मोटर बदलली, आय.सी. बदलली. घरघर तशीच. मालकांनी पैसे परत मागितले, आणि ते रास्त होते. माझ्याकडे मात्र ते उरले नव्हते. त्यांतून मी पुढच्या पेट्यांचे तांबे घेतले होते.

त्या आठवड्यात सर सहज कारखान्यात आले. ते निवृत्त झाले होते. संध्याकाळी फिरायला निघाले की माजी विद्यार्थ्यांची दुकाने पाहत जात. त्यांनी स्टूल ओढले आणि बराच वेळ, काही न बोलता, पेटीची घरघर ऐकत बसले. डोळे मिटलेले. मग म्हणाले, “अरे, तुझे यंत्र उशिरा पाहते आणि घाईने वागते.”

मी म्हटले, “सर, अर्ध्या टक्क्यासाठी एवढे करावे लागते.”

“अर्धा टक्का कोणाला हवा आहे? छापखान्याला की तुला?” आणि थोड्या वेळाने, “त्याला विसावा कोठे दिलास?”

त्यांनी माझ्याच एका बिलाच्या पाठीवर दोन आडव्या रेघा काढल्या आणि मधे बोट ठेवले. या जागेत मोटरने काहीही करायचे नाही. गिरणीच्या गव्हर्नरला सांध्यांतले थोडे घर्षण तेवढी जागा देते, म्हणून तो शांत बसतो. इथे ती आपण द्यायची. मग संधारित्राकडे बोट दाखवून त्यांनी विचारले की हे भरायला आणि रिते व्हायला किती वेळ लागतो. मी कधी मोजला नव्हता. मोजला तेव्हा कळले की मोटर ब्रशला हव्या त्या जागेपलीकडे नेऊन ठेवी, तोवर पट्टीला ती जागा आल्याचा पत्ताच नसे. नायक्विस्टचा उशिरा पोहोचणारा हात तो हाच. माझ्या अभ्यासक्रमात नायक्विस्ट होता, परीक्षेत मला त्यात चांगले गुण होते. पण तो माझ्या टेबलावर घरघर करीत बसला आहे हे मला ओळखता आले नव्हते. सरांनी नायक्विस्टचे नावही घेतले नाही. ते त्यांना ठाऊक होते की नाही, हे मी विचारले नाही आणि आता विचारता येणार नाही.

मी संधारित्र दहाव्या हिश्श्याचे केले, मर्यादा २२५ आणि २३५ वर नेल्या. सरळ धावेची मोटर होती, तेव्हा थांबवायच्या क्षणी तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या जातील अशी रिलेची व्यवस्था केली. त्यामुळे फिरती मोटर स्वतःच स्वतःचा ब्रेक होते. पेटी सुरू केली. मोटर एकदा वळली, थांबली, आणि थांबलेलीच राहिली. छापखान्याच्या मालकांनी ती परत नेली, दोन टक्क्यांचे नवे लेखी आश्वासन घेऊन. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या मुलाने ती मला परत दिली. आज तुमच्यापुढे आहे ती तीच.

विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेतील निळी छोटी सर्व्हो मोटर तुमच्या परिचयाची असेल. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा ठोका द्यावा लागतो. दीडचा ठोका दिला की दांडी मधोमध उभी राहते. कधी ती उगाच थरथरते. पुढच्या वेळी थरथरली तर ती फेकून न देता उघडा. आत एक पोटेन्शिओमीटर सापडेल, पार्किन्सनच्या लेखणीला होता त्याच जातीचा.

व्याख्यानानंतर ही पेटी वीस मिनिटे येथे चालू ठेवणार आहे. येणारी वीज कमी-जास्त करण्यासाठी शेजारी दुसरा डिमरस्टॅट जोडला आहे, तो ज्याला हवा त्याने फिरवून पाहावा. पट्टीवरचा निळा प्रीसेट पेचकसाने उजवीकडे नेला की दोन्ही मर्यादा जवळ येतात आणि जुनी घरघर पुन्हा ऐकू येते. ब्रशला व गुंडाळीला मात्र कोणी हात लावू नये. त्यांच्यावर २३० व्होल्ट आहेत.